नवदांपत्याने डोंगर का चढू नये?

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात नवराबायकोने सुट्टीच्या दिवशी पाठीवर सॅक टाकून कळसूबाई, राजगड किंवा हरिश्चंद्रगड गाठावा आणि जवळच्या माणसांनी काय आहेर करू असे विचारले तर भांडी किंवा चांदीच्या वस्तूंऐवजी चढाईचे बूट, हेडटॉर्च नाहीतर तंबू मागावा, हे मराठी शहरांत आता नवलाचे राहिलेले नाही. मात्र जसजशी ही रीत पसरते आहे तसतसे तिच्याविरुद्धचे एक मतही पक्के होत चालले आहे. ते वडीलधाऱ्यांपुरते मर्यादित नाही, समवयस्क मित्रमैत्रिणींच्या तोंडीही ऐकू येते, आणि त्याचा प्रतिवाद क्वचितच होत असल्यामुळे ते शहाणपण म्हणून मान्य होऊन बसले आहे.

त्या मताची मांडणी अशी. गिरिभ्रमण हा अविवाहितांचा छंद असून लग्नाबरोबर तो संपला पाहिजे. पहिले वर्ष घरात रुळण्याचे, दोन्हीकडच्या नातलगांना भेटण्याचे आणि सणवार करण्याचे असते. ते डोंगरात घालवणारे जोडपे संसाराकडे पाठ फिरवते. नवविवाहितांनी फिरायला जरूर जावे, पण महाबळेश्वरला किंवा मनालीला. कडेकपारींत भटकणे हे बाहेरून आलेले खूळ आहे आणि ते छायाचित्रांसाठीच केले जाते. आहेर टिकाऊ व घराला शोभणारा असावा. पायातले बूट हा काही आहेर नव्हे. आणि सर्वांत शेवटी, डोंगरात जिवाला धोका असतो आणि नव्या नवरीला त्या धोक्यात नेणे हा बेजबाबदारपणा आहे. यांतील एकही विधान तपासणीत टिकत नाही, आणि सगळी विधाने शेजारी शेजारी ठेवून पाहिली की त्यांच्या मुळाशी जोडप्याच्या काळजीपेक्षा जोडप्यावरचा ताबा अधिक असल्याचे दिसते.

परकेपणाचा आक्षेप प्रथम घेणे योग्य, कारण तो सर्वांत आत्मविश्वासाने केला जातो आणि सर्वांत कमी माहितीवर उभा आहे. महाराष्ट्रातील असंख्य घराण्यांत लग्न लागल्यावर वधूवरांचा पहिला एकत्र प्रवास कुलदैवताकडे होतो, आणि त्या दैवतांपैकी कितीतरी डोंगरावर बसलेली आहेत: खंडोबा जेजुरीच्या गडावर आणि त्याहून उंच कडेपठारावर, सप्तशृंगी वणीजवळच्या कड्यात, जोतिबा पन्हाळा तालुक्यातील वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर, एकवीरा कार्ल्याच्या लेण्यांशेजारी. सप्तशृंगीच्या गडावर आता रुळांवरून तारेने ओढली जाणारी गाडी सुरू झाली आहे. त्यापूर्वी कित्येक पिढ्यांच्या नवऱ्यामुली शालू सावरत आणि हातातला चुडा सांभाळत तिथल्या पायऱ्या चढल्या. जेजुरीत तर नवऱ्याने नवरीला उचलून घेऊन काही पायऱ्या चढण्याची प्रथा आजही पाळली जाते. सोबतचे वऱ्हाड हसते, भंडारा उधळला जातो, नवऱ्याचा दम निघतो, आणि ज्या दोघांनी आदल्या दिवसापर्यंत एकमेकांचा हातही धरलेला नसेल त्यांचा देहाचा पहिला परिचय चारचौघांत, चढणीवर होतो. गडाच्या वाटेवरच बाणाईचे देऊळ आहे. रानात मेंढरे राखणाऱ्या धनगरांच्या या मुलीसाठी देवाने आपले वैभव सोडून तिच्या वाड्यावर चाकरी केली, असे लोककथा सांगते. ज्या समाजाने आपल्या देवाचे प्रेमही डोंगररानातच घडवले, त्याला नवराबायकोने डोंगर चढणे परके वाटावे हे कोणत्या आधारावर?

याउलट महाबळेश्वर आणि माथेरान ही जी ठिकाणे आक्षेपकांना नवदांपत्यासाठी सभ्य वाटतात, त्यांचा इतिहास पाहावा. क्षेत्र महाबळेश्वर पुरातन आहे, यात शंका नाही. परंतु ज्या बाजारपेठेत, ज्या पॉइंटांवर आणि ज्या हॉटेलांत मधुचंद्र साजरा होतो ते थंड हवेचे ठाणे मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत, १८२८-२९ च्या सुमारास वसले आणि म्हणूनच त्याला माल्कमपेठ हे नाव मिळाले. माथेरान १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने प्रकाशात आणले आणि तिथवर जाणारी छोटी रेल्वे १९०७ मध्ये धावू लागली. ही दोन्ही ठाणी मैदानातला उन्हाळा सोसेनासा झालेल्या इंग्रज अधिकाऱ्यांसाठी उभी राहिली. मधुचंद्र ही कल्पनाही तिकडूनच आली आणि ती आपण आनंदाने स्वीकारली. त्यात गैर काही नाही. गैर आहे ते इतकेच, की दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी सोयीला परंपरा म्हणावे आणि त्याहून जुन्या मराठी चढणीला नक्कल ठरवावे.

यावर असे उत्तर दिले जाते की कुलदैवताची वाट भक्तीने चढली जाते आणि ट्रेक मौजेसाठी होतो, म्हणून दोहोंची तुलना होऊ शकत नाही. हे उत्तर देणाऱ्याने मूळ आक्षेप सोडून दिलेला असतो, हे आधी नोंदवले पाहिजे. तक्रार आता परकेपणाची नसून आनंदाची आहे. परंतु आपल्या जत्रांत भक्ती आणि मौज कधी वेगळी होती? देवदर्शनानंतर पाळण्यात बसणारे, बांगड्या भरणारे, रेवड्या बांधून घेणारे जोडपे कमी भाविक ठरत नव्हते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली तेव्हा ज्या घरांत पेढे वाटले गेले, त्याच घरांतील सुनेने त्या यादीतील राजगड किंवा साल्हेर पायी चढायचे म्हटले की कपाळाला आठी पडते, ही विसंगती भक्तीच्या मुद्द्याने झाकली जात नाही.

दुसरा आक्षेप पहिल्या वर्षाच्या मालकीचा आहे. मांडवपरतणी, संक्रांतीचे हळदीकुंकू व हलव्याचे दागिने, श्रावणातली मंगळागौर, दिवाळसण, अधिक महिना आलाच तर जावयाचे अनारशांचे वाण, असा या वर्षाचा कार्यक्रम जोडप्याने न विचारताच भरलेला असतो, आणि उरलेल्या रविवारी ज्या नातलगांकडे जेवायला जाणे राहिले असेल त्यांचे मान सांभाळायचे असतात. या सणांत गोडवा आहे, आणि ते करू नयेत असे इथे कोणी म्हणत नाही. प्रश्न असा आहे, की या साऱ्या वर्षात ती दोन माणसे एकमेकांशी केव्हा बोलतात? प्रत्येक प्रसंगी ती कोणाची तरी सून, कोणाचा तरी जावई म्हणून बसलेली असतात. आपल्याकडे बहुतेक विवाह आजही ठरवून होतात, आणि ठरवून झालेल्या विवाहात परस्परांची ओळख लग्नानंतरच व्हायची असते. मग त्या ओळखीसाठी लागणारा एकांत आणि वेळ यांनाच चैन म्हणणे हे विवाहसंस्थेच्या हिताचे कसे होईल?

नवराबायकोने लग्नाच्या सुरुवातीच्या काळात काहीतरी बरोबरीने करणे घराला नेहमीच खुपत आले आहे, आणि याचा मराठीतला सर्वांत ठळक पुरावा डोंगराशी नव्हे तर पाटीशी संबंधित आहे. १८७३ मध्ये महादेव गोविंद रानडे यांच्याशी विवाह झालेल्या रमाबाईंना पतीने लिहायला-वाचायला शिकवण्यास सुरुवात केली तेव्हा घरातील बायकांनी त्यांना केवढा जाच केला, हे रमाबाईंनी आपल्या आठवणींत सविस्तर नोंदवून ठेवले आहे. त्या बायकांचे मुद्दे कोणते होते? हे नवे खूळ आहे, ते घरात शोभत नाही, सुनेने आधी घरचे पाहावे, लोक काय म्हणतील. आज बूट घालून निघालेल्या सुनेला जे ऐकवले जाते त्यात यापेक्षा वेगळा शब्द सापडणार नाही. शिक्षण आणि गिरिभ्रमण यांची योग्यता सारखी आहे असे यातून म्हणायचे नाही; आक्षेपाचा साचा मात्र तोच आहे, आणि दीडशे वर्षांपूर्वी तो ज्या कारणाने चुकीचा होता त्याच कारणाने आजही चुकीचा आहे: दोघांच्या सहवासाला तो घराचे नुकसान समजतो.

डोंगरात या सहवासाचे स्वरूप कसे असते हे आक्षेपकांनी पाहिलेले नसते. घरात कोणाचे काम कोणते हे जोडपे येण्याआधीच ठरलेले असते. वाटेवर मात्र पाण्याचे वजन कोणी उचलायचे, दमलेल्याच्या चालीने चालायचे की पुढे जाऊन थांबायचे, शिधा कोणी शिजवायचा, ढग दाटून आले तर माथा सोडून परत फिरायचे की नाही, हे सगळे त्या दोघांनाच आणि त्याच क्षणी ठरवावे लागते, आणि ते ठरवताना कोणाच्याही मानपानाचा आधार घेता येत नाही. माथा समोर दिसत असताना जोडीदार घाबरला आहे म्हणून परत फिरलेला माणूस संसाराबद्दल जे शिकतो, ते पाटावर बसून पंगतीत शिकता येत नाही. कचाकचा भांडणेही तिथे होतात, आणि ती मिटवल्याखेरीज खाली उतरता येत नाही.

आहेराचा मुद्दा किरकोळ समजला जातो, पण खरा कस तिथेच लागतो. प्राचीन धर्मशास्त्राने विवाहप्रसंगीच्या भेटींचा विचार प्रामुख्याने वधूच्या बाजूने केला आहे. मनुस्मृतीत स्त्रीधनाचे सहा प्रकार सांगितले आहेत. स्त्रीधन म्हणजे स्त्रीच्या मालकीची संपत्ती. विवाहाग्नीसमोर दिलेले ते अध्यग्नी, सासरी निघताना दिलेले ते अध्यावाहनिक, प्रीतीने दिलेले ते प्रीतिदत्त, आणि भाऊ, आई व बाप यांच्याकडून मिळालेले ते उरलेले तीन. पुढे मिताक्षरेने, म्हणजे याज्ञवल्क्यस्मृतीवरील विज्ञानेश्वराच्या टीकेने, ही कल्पना आणखी विस्तारली. आधुनिक कायद्यानेही तोच धागा पकडला. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने मागणी न करता दिलेल्या भेटींना परवानगी दिली, पण त्यांची यादी करण्याची अट घातली. १९८५ च्या नियमांनुसार त्या यादीत वस्तूचे वर्णन, तिची अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि त्याचे नाते लिहून वधूवर दोघांच्या सह्या घ्याव्या लागतात, आणि वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूजवळ राहावी लागते. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीधनावर पत्नीची पूर्ण मालकी असते, आणि तिने विश्वासाने सोपवलेले स्त्रीधन सासरच्यांनी लुबाडले तर तो फौजदारी गुन्हा ठरतो, असा निर्णय दिला.

अशी यादी किती लग्नांत केली जाते? रुखवत मांडले जाते, पाहुण्यांना दाखवले जाते, आणि मग पितळी डबे, चांदीची ताटे, मिक्सर आणि एकाच प्रकारची चार भिंतीवरची घड्याळे घरात विरघळून जातात. त्यांतली काही माळ्यावर जातात, काही पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या आहेरात फिरतात, आणि सोने सासूच्या कपाटात सुरक्षिततेच्या नावाखाली ठेवले जाते. ज्या टिकाऊपणाचा आग्रह धरला जातो तो वस्तूचा टिकाऊपणा असतो. देणाऱ्याचा प्रेमभाव आणि घेणारीची मालकी यांतले काहीच टिकत नाही. त्या तुलनेत तिच्या पायाच्या मापाचे बूट ही एक विलक्षण भेट आहे. ते दुसऱ्या कोणाच्या पायात बसत नाहीत, कपाटात बंद करून ठेवण्याजोगे नसतात, पुढच्या लग्नात देता येत नाहीत, आणि ते कोणाचे आहेत याबद्दल घरात कधी वाद होत नाही. देणाऱ्याला आधी तिचे माप विचारावे लागते, म्हणजे एक माणूस म्हणून तिची चौकशी करावी लागते. स्त्रीधनाचा हेतू ज्या वस्तूत इतका निखळ उतरतो, तिला आहेर मानायचे नाही आणि चौथ्या घड्याळाला मानायचे, हा निवाडा कोणत्या परंपरेला धरून आहे? शोभेचा विचार कायद्यालाही सुचला नाही, आणि शास्त्रालाही सुचला नव्हता.

भांडी आणि डोंगर यांच्यासंबंधी महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखराचीच एक कथा आहे, आणि ती १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या अहमदनगर जिल्ह्याच्या गॅझेटियरातही नोंदवलेली आहे. रानात फिरण्याची आवड असलेली काळसू नावाची कोळ्याची मुलगी डोंगराच्या पायथ्याच्या गावात एका घरी कामाला राहिली, ती भांडी घासायला आणि केर काढायला सांगायचे नाही या अटीवर. काही काळ सारे सुरळीत चालले. मग एके दिवशी घरातल्या कोणीतरी तिला तीच कामे सांगितली. तिने ती केली, आणि डोंगर चढून जी गेली ती माथ्यावरच राहिली. १,६४६ मीटर उंचीच्या त्या माथ्यावर आज तिचे छोटे देऊळ आहे, अकोले आणि इगतपुरी तालुक्यांतली माणसे नवरात्रात तिच्या दर्शनाला चढतात, आणि कड्याच्या अवघड टप्प्यांवर त्यांच्यासाठी लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत. नव्या सुनेने डोंगराचे नाव काढू नये म्हणणाऱ्यांनी मराठी मुलखातला सर्वांत उंच डोंगर कोणाच्या नावाने उभा आहे, याचा विचार करावा.

छायाचित्रांच्या आक्षेपावर फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. ज्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना छायाचित्रकाराच्या सूचनेवरून वधूवरांना पुन्हा पुन्हा उभे केले जाते, त्या लग्नाला हजर राहिलेल्यांनी शिखरावरच्या एका छायाचित्राची तक्रार करू नये.

धोक्याचा आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि म्हणूनच तो सैलपणे वापरला जाऊ नये. सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा बनलेला आहे. त्यातल्या कठीण थरांचे उभे कडे झाले, मऊ थर झिजून उतार झाले, आणि त्या उतारांवर सुट्या मुरमाचा जो घसरता थर साचतो त्याला भटके घसारा म्हणतात. उतरताना पाय निसटण्याचे ते मोठे कारण आहे. पावसाळ्यात काळ्या कातळावर शेवाळ धरते, सकाळी घोट्यापर्यंत असलेला ओढा दुपारी ओलांडता येत नाही, धुक्यात वाट चुकते. उन्हाळ्यात टाकी आटतात आणि डोंगरधारेवर सावली मिळत नाही. कड्यांना आग्या मोहोळे असतात आणि ती धुराने किंवा उग्र अत्तराने उठतात. हे सगळे खरे आहे. परंतु यातले काय नवविवाहितांपुरते आहे? कातळ हळद पाहून निसरडा होत नाही. जून २०२४ च्या अखेरीस लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील माणसे वाहून गेली. ती काही शिखर चढत नव्हती, वर्षासहलीला आली होती. वर झालेल्या पावसाचे पाणी खाली केव्हा आणि किती वेगाने पोचते हे ठाऊक नसणे जीवघेणे ठरते, आणि ते अज्ञान घरी बसून कमी होत नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ निवडणे, पहाटे चढायला लागून अंधाराआधी उतरणे, माणशी किमान तीन लिटर पाणी घेणे, अनोळखी वाटेला पायथ्याच्या गावातला वाटाड्या बरोबर नेणे, या गोष्टी शिकवता येतात. ज्यांना खरोखर काळजी आहे त्यांनी त्या शिकवाव्यात.

पण या आक्षेपात काळजी बहुधा एकट्या नवरीचीच असते. तिचा नवरा त्याच कड्यावर असतो, त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. बायकांचे शरीर चढणीला नाजूक असते, असे मानणाऱ्यांनी सह्याद्रीच्या कोणत्याही वाडीत एक सकाळ काढावी: डोक्यावर मोळी किंवा पाण्याचे हंडे घेऊन ज्या धारेवरून तिथल्या बायका अनवाणी उतरतात तिथे शहरी पुरुष बसून सरकतात. रायगडाचा हिरकणी बुरूज ज्या गवळणीच्या नावाने ओळखला जातो, ती तान्ह्या लेकरासाठी रात्रीचा कडा उतरली, असे लोक सांगत आले आहेत आणि तिचे कौतुक करत आले आहेत. मंगळागौरीला जी नवविवाहिता रात्रभर जागून फुगड्या, झिम्मा, पिंगा घालते तिच्या दमसासाबद्दल तेव्हा कोणी शंका घेत नाही. मग तीच स्त्री स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या आनंदासाठी चढू लागली की एकाएकी नाजूक कशी होते? लेकरासाठी, देवासाठी, सरपणासाठी घेतलेला धोका पुण्य आणि स्वतःसाठी घेतलेला धोका बेजबाबदारपणा, अशी वाटणी ज्या मताला करावी लागते ते मत सुरक्षिततेबद्दल नाहीच.

शेवटी हा वाद परवानगीपाशी येऊन थांबतो, आणि ही गोष्ट उघडपणे बोलली गेली पाहिजे. डोंगरावर जाणाऱ्याने कोणत्या गडावर, कोणत्या वाटेने निघालो आणि किती वाजेपर्यंत परतू हे घरी सांगून जावे, पायथ्याच्या गावातही सांगावे, आणि ठरल्या वेळी न परतल्यास कोणाला कळवायचे ते लिहून ठेवावे. हा गिरिभ्रमणाचा मूलभूत नियम असून नवविवाहितांनी तो इतरांइतकाच काटेकोर पाळला पाहिजे. पण ही माहिती आहे, परवानगीचा अर्ज नव्हे. १९७८ पासून या देशात १८ वर्षांखालील मुलीचे आणि २१ वर्षांखालील मुलाचे लग्न कायद्याला मान्य नाही. म्हणजे विवाहित जोडपे ही कायद्याने दोन प्रौढ माणसे आहेत. त्यांना घर चालवता येईल, कर्ज फेडता येईल, मूल वाढवता येईल असा विश्वास ठेवूनच त्यांचे लग्न लावून दिलेले असते. तोच विश्वास कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावातून पहिल्या शिडीपर्यंत जाईतो का संपावा, याचे उत्तर आक्षेपकांनी द्यायचे आहे. त्या दोघांनी नव्हे.